अपहृत स्त्रियांची मुक्तता आणि स्वीकार : हैदराबाद संस्थान, फाळणी आणि सिंजार यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

युद्ध, दंगल अथवा राजकीय उलथापालथ यांच्या इतिहासात मृतांची मोजदाद केली जाते, जळालेल्या घरांची व लुटलेल्या मालमत्तेची नोंद होते. पळवून नेलेल्या स्त्रियांची नोंद मात्र क्वचितच पूर्ण होते. याचे कारण केवळ प्रशासकीय नाही. ज्या कुटुंबातील स्त्री नेली गेली ते कुटुंब अब्रूच्या भीतीने तक्रार देण्यास धजत नाही. ज्याने नेली तो तिला पत्नी, मोलकरीण अथवा नातेवाईक म्हणून दाखवितो. आणि ती स्त्री स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसते. पुढे बोलण्याची स्थिती आली तरी ऐकणारे कोणी नसते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणीत समाजाचे जे शहाणपण साठवलेले आहे, त्याची किंमत अशा वेळी त्या स्त्रीलाच मोजावी लागते.

दि. ३ ऑगस्ट २०१४ रोजी इराकच्या उत्तरेकडील सिंजार परिसरावर इस्लामिक स्टेट या दहशतवादी संघटनेने हल्ला केला आणि याझिदी या अल्पसंख्य समाजातील हजारो स्त्रिया व मुले पळवून नेली. या घटनेने 'अपहरण, सुटका आणि स्वीकार' हा प्रश्न जगापुढे नव्याने आला. मराठवाड्यातील वाचकास ही घटना दूरदेशीची वाटण्याचा संभव आहे. तथापि बोरी (ता. जिंतूर) आणि तिच्या परिसरातील गावे १९४८ पर्यंत ज्या राज्याचा भाग होती, त्या हैदराबाद संस्थानातही हा प्रश्न उभा राहिला होता. मुक्तिसंग्रामाचा इतिहास आपल्याकडे अभ्यासक्रमात शिकविला जातो, दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी ध्वजवंदन होते. परंतु त्या वर्षात पळविल्या गेलेल्या स्त्रियांचे पुढे काय झाले, हा प्रश्न अभ्यासाच्या कक्षेत फारसा येत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा तीन संदर्भांत विचार केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) अपहृत स्त्रियांच्या सुटकेची प्रक्रिया कोणत्या टप्प्यांतून जाते हे स्पष्ट करणे.
२) हैदराबाद संस्थानातील १९४८ च्या घटनांत या प्रश्नाचे स्थान तपासणे.
३) फाळणीनंतरचा १९४९ चा कायदा आणि इराकचा २०२१ चा कायदा यांची तुलना करणे.
४) सुटका झालेल्या स्त्रीची इच्छा आणि तिचे अपत्य या दोन प्रश्नांची मांडणी करणे.

संकल्पनांचे स्पष्टीकरण :

सामान्य व्यवहारात 'सुटका' हा एकच शब्द वापरला जातो. अभ्यासासाठी मात्र त्यातील टप्पे वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला टप्पा शोधाचा. स्त्री कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, हे कळणे हेच बहुधा सर्वांत कठीण असते. दुसरा टप्पा प्रत्यक्ष मुक्ततेचा. पोलीस, लष्कर, मध्यस्थ, खंडणी अथवा स्वतः केलेले पलायन या मार्गांनी ती होते. तिसरा टप्पा निर्णयाचा, म्हणजे मुक्त झालेली स्त्री कोठे जाणार हे कोणी ठरवावयाचे याचा. चौथा टप्पा स्वीकाराचा. कुटुंब, जात, धर्मसंस्था आणि गाव तिला परत घेतात किंवा घेत नाहीत. पाचवा टप्पा बंदिवासात जन्मलेल्या अपत्याचा. पहिल्या दोन टप्प्यांवर बातम्या येतात, शौर्याच्या कथा सांगितल्या जातात. उरलेले तीन टप्पे वर्षानुवर्षे चालतात आणि त्यांकडे समाजाचे लक्ष क्वचितच जाते.

मराठी भाषेतील काही शब्दही येथे लक्षात घेतले पाहिजेत. 'बाटणे' या क्रियापदात बळजबरी आणि संमती यांत भेद केलेला नाही. जिच्यावर अत्याचार झाला ती 'बाटली'. अत्याचार करणाऱ्यासाठी तसा शब्द रूढ नाही. 'शुद्धी' या शब्दातही अशुद्धी पीडितेच्या ठिकाणी आहे असे गृहीत धरले जाते. बजाजी नाईक निंबाळकर आणि नेताजी पालकर यांना शिवाजी महाराजांच्या काळात स्वधर्मात परत घेतल्याची उदाहरणे महाराष्ट्रात अभिमानाने सांगितली जातात. ही दोन्ही उदाहरणे नामवंत सरदारांची आहेत. सामान्य घरातील स्त्रीच्या परतीचे असे उदाहरण लोकस्मृतीत सहसा आढळत नाही.

हैदराबाद संस्थान, १९४८ :

हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. त्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी भाषिक होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. त्यानंतरच्या महिन्यांत मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेच्या रझाकार स्वयंसेवक दलाने खेड्यापाड्यांत दहशत निर्माण केली. या दलाचा नेता कासीम रझवी हा लातूर येथे वकिली करीत असे. खून, लूट, जाळपोळ आणि स्त्रियांवरील अत्याचार यांमुळे हजारो कुटुंबे घरदार सोडून वऱ्हाड, सोलापूर, नगर अशा सरहद्दीपलीकडील भागांत आश्रयास गेली. तरुण मुली व सुना यांना आधी सुरक्षित स्थळी पोहोचविणे हा या स्थलांतराचा एक प्रमुख हेतू होता. भारत सरकारने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेत रझाकारांच्या अत्याचारांची माहिती दिलेली आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाती लष्करी प्रशासन आले. येथपर्यंतचा इतिहास सर्वपरिचित आहे. त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानाच्या अनेक भागांत, विशेषतः मराठी व कानडी जिल्ह्यांत, मुस्लिम वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. रझाकारांच्या कृत्यांशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशी माणसे त्यांत मोठ्या संख्येने बळी पडली.

या घटनांची माहिती घेण्यासाठी भारत सरकारच्या विनंतीवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचे एक सदिच्छा मंडळ संस्थानात आले. नोव्हेंबरच्या अखेरीपासून सुमारे तीन आठवडे या मंडळाने सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत दौरा केला. मंडळाच्या अंदाजानुसार पोलीस कारवाईच्या काळात व त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मृत्युमुखी पडली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पीडित ठरले. काही ठिकाणी सैन्य व पोलीस दलांतील व्यक्तींचाही लुटीत व अन्य कृत्यांत सहभाग होता, असेही मंडळाने नमूद केले. गृहमंत्री सरदार पटेल यांना हा अहवाल मान्य झाला नाही. तो एकांगी असून त्यात रझाकारांच्या पूर्वीच्या अत्याचारांचे प्रतिबिंब पडलेले नाही, असा त्यांचा आक्षेप होता. अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादविषयक ग्रंथात तो समाविष्ट झाला आणि सर्वसामान्य अभ्यासकांस उपलब्ध झाला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या अहवालातील दोन नोंदी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, स्त्रियांचे अपहरण हा या हिंसाचाराचा एक प्रकार होता आणि काही स्त्रियांना संस्थानाबाहेर, सोलापूर व नागपूरसारख्या शहरांपर्यंत नेण्यात आले होते. याचा अर्थ असा की, अपहरण ही दंगलीच्या क्षणी घडलेली उत्स्फूर्त कृती एवढ्यापुरती मर्यादित नव्हती. इतक्या अंतरावर स्त्री नेण्यासाठी वाहन लागते, सोबती लागतात आणि ती ठेवण्यासाठी जागाही लागते. दुसरी नोंद अशी की, अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांचे जीव धोक्यात घालून रक्षण केले आणि अपहृत मुस्लिम स्त्रियांना परत मिळविण्याच्या कामी अनेक हिंदूंनी साहाय्य केले. विणकरांसारख्या समव्यवसायी माणसांत ही वृत्ती विशेषत्वाने दिसली.

या दोन्ही नोंदी एकत्र वाचल्या पाहिजेत. गावाला ठाऊक असल्याशिवाय स्त्री सापडत नाही. सरकारी यंत्रणा विस्कळीत असताना कोणत्या वाड्यात, कोणत्या मळ्यावर कोण आहे हे शेजाऱ्यालाच माहीत असते. म्हणून सुटकेचा पहिला टप्पा, म्हणजे शोध, हा मूलतः शेजारधर्मावर अवलंबून असतो. मात्र मृतांचा अंदाज देणारा हा अहवाल अपहृत स्त्रियांची एकूण संख्या देत नाही. जी स्त्री परत आली तिचे पुढे काय झाले याचीही नोंद त्यात येत नाही. आणि जी परत आलीच नाही ती कोणत्याच यादीत येत नाही. रझाकारांच्या काळातील पीडित हिंदू स्त्रिया आणि नंतरच्या काळातील पीडित मुस्लिम स्त्रिया यांच्या वाट्याला हे मौन सारखेच आले. दोन्ही समाजांनी परस्परांवरील आरोपांत त्यांचा उल्लेख केला. त्यांची नावे जपली नाहीत.

फाळणीनंतरची शोधमोहीम आणि १९४९ चा कायदा :

याच काळात पंजाबात परिस्थिती वेगळी होती. तेथे अपहरणाचे प्रमाण फार मोठे असल्याने दोन्ही सरकारांना त्याची दखल घ्यावी लागली. सरकारी अंदाजानुसार भारतात सुमारे ५० हजार मुस्लिम स्त्रिया आणि पाकिस्तानात सुमारे ३३ हजार हिंदू व शीख स्त्रिया अपहृत अवस्थेत होत्या. डिसेंबर १९४७ मध्ये लाहोर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय बैठकीत अशा स्त्रियांचा शोध घेऊन त्यांना परत पाठविण्याचे ठरले. १ मार्च १९४७ नंतर झालेली सक्तीची धर्मांतरे व विवाह मान्य करावयाचे नाहीत, हे या धोरणाचे सूत्र होते. मृदुला साराभाई, रामेश्वरी नेहरू, कमलाबेन पटेल, अनीस किडवई या कार्यकर्त्यांनी या कामात स्वतःस झोकून दिले. कमलाबेन पटेल यांनी लाहोर येथील छावणीतील आपले अनुभव पुढे गुजराती भाषेत ग्रंथरूपाने लिहिले.

जानेवारी १९४९ मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबर १९४९ मध्ये अपहृत व्यक्ती (शोध व परतपाठवणी) अधिनियम संमत झाला. या कायद्याची व्याख्या बारकाईने पाहण्याजोगी आहे. सोळा वर्षांखालील मुलगा अथवा कोणत्याही वयाची स्त्री, जी १ मार्च १९४७ पूर्वी मुस्लिम होती आणि त्यानंतर १ जानेवारी १९४९ पर्यंतच्या काळात कुटुंबापासून दुरावून अन्य व्यक्तीच्या अथवा कुटुंबाच्या ताब्यात आढळली, ती 'अपहृत व्यक्ती' ठरली. अशा स्त्रीस १ मार्च १९४७ नंतर झालेले अपत्यही या व्याख्येत समाविष्ट होते. पुरुष सोळाव्या वर्षी स्वतःचा निर्णय घेण्यास पात्र ठरत होता. स्त्री मात्र कोणत्याही वयात अपहृतच राहत होती. पोलिसांना वॉरंटशिवाय घराची झडती घेण्याचा अधिकार देण्यात आला. एखादी स्त्री अपहृत आहे की नाही याविषयी वाद झाल्यास न्यायाधिकरणाने निर्णय द्यावयाचा होता. छावणीतील वास्तव्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय ठेवलेली नव्हती.

संविधान सभेत या विधेयकावर गंभीर चर्चा झाली. पंडित ठाकूरदास भार्गव यांच्यासारख्या सदस्यांनी प्रौढ स्त्रीच्या स्वातंत्र्याचा मुद्दा मांडला. याउलट दुर्गाबाई यांच्यासारख्या सदस्यांचे म्हणणे असे होते की, ज्या परिस्थितीत ती स्त्री आहे तीत तिच्या तोंडून निघणारा होकार खरा मानता येणार नाही. हे दोन्ही युक्तिवाद आजही तितकेच वजनदार आहेत. कैदेत दिलेली संमती ही संमती नव्हे, हे खरे. पण म्हणून तिच्या वतीने दुसऱ्याने कायमचा निर्णय घ्यावा, हे त्यातून सिद्ध होत नाही. रामेश्वरी नेहरू यांनी स्त्रियांच्या इच्छेविरुद्ध होणाऱ्या परतपाठवणीस विरोध केला आणि त्या या कामातून बाजूला झाल्या. १० नोव्हेंबर १९५२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध अजाइबसिंग या खटल्यात हा कायदा वैध ठरविला. अपहृत व्यक्तीस ताब्यात घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद २२ मधील 'अटक' नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले.

१९५७ मध्ये हा कायदा संपुष्टात आला. तोपर्यंत दोन्ही देशांत मिळून सुमारे ३० हजार स्त्रिया शोधून काढण्यात आल्या. त्यांत भारतात सापडलेल्या मुस्लिम स्त्रिया सुमारे २२ हजार व पाकिस्तानात सापडलेल्या हिंदू-शीख स्त्रिया सुमारे ८ हजार होत्या. हे कार्य अभूतपूर्व होते, यात शंका नाही. परंतु स्वीकाराच्या टप्प्यावर अडचणी आल्या. परत आलेल्या स्त्रियांना घरात घ्यावे म्हणून महात्मा गांधी आणि पंडित नेहरू यांना जाहीर आवाहने करावी लागली. ज्यांना घेण्यास कोणी आले नाही त्यांच्यासाठी जालंदर येथील गांधी वनिता आश्रमासारखी वसतिगृहे उभी राहिली. अपत्यांचा प्रश्न तर सुटलाच नाही. अनेक मातांना मूल मागे ठेवून सीमा ओलांडावी लागली.

येथे मराठवाड्याच्या संदर्भात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९४९ चा हा कायदा संयुक्त प्रांत, पूर्व पंजाब, दिल्ली, पतियाळा व पूर्व पंजाब संस्थान संघ आणि राजस्थान या प्रदेशांपुरता होता. हैदराबाद संस्थान त्याच्या कक्षेबाहेर होते. एकाच देशात, एकाच दशकात, पंजाबातील अपहृत स्त्रीला कायद्याने शोधले. तिची इच्छा विचारली नाही, पण तिची नोंद केली. हैदराबादमधील स्त्रीला त्या कायद्याचा जाच झाला नाही आणि आधारही मिळाला नाही. पंजाबातील स्त्रियांचा इतिहास १९९८ मध्ये ऊर्वशी बुटालिया तसेच रितू मेनन व कमला भसीन यांच्या ग्रंथांतून लिहिला गेला. त्यासाठी त्यांना सरकारी कागदपत्रे व छावण्यांच्या नोंदी उपयोगी पडल्या. नोंद असली तर पन्नास वर्षांनीही प्रश्न विचारता येतो.

परंपरेतील एक उत्तर : देवलस्मृती

अपहृत स्त्रीच्या स्वीकाराचा प्रश्न भारतीय परंपरेला अपरिचित नव्हता. सिंधवरील अरब स्वारीनंतरच्या परिस्थितीशी जोडल्या जाणाऱ्या देवलस्मृतीत बळजबरीने नेलेल्या स्त्रीपुरुषांना प्रायश्चित्तानंतर परत घेण्याची तरतूद आहे. भारतरत्न डॉ. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या स्मृतीची चर्चा केली आहे. बळजबरीने गर्भवती झालेल्या स्त्रीसही ही स्मृती बहिष्कृत करीत नाही. प्रसूतीनंतर ती शुद्ध होते असे मानते. तिच्या काळाच्या मानाने ही भूमिका उदार होती. परंतु त्या गर्भापासून झालेले अपत्य दुसऱ्यास द्यावे, स्वतः ठेवू नये, असेही ती सांगते. माता स्वीकार्य आणि अपत्य अस्वीकार्य, ही विभागणी येथे स्पष्टपणे आढळते. पुढील विवेचनात हीच विभागणी पुन्हा येणार आहे.

सिंजार, २०१४ आणि त्यानंतर :

याझिदी हा प्रामुख्याने कुर्दी भाषा बोलणारा प्राचीन धर्मसमाज आहे. उत्तर इराकमधील लालिश हे त्यांचे मुख्य तीर्थस्थान होय. या धर्मात जन्मानेच प्रवेश मिळतो. माता व पिता दोघेही याझिदी असावे लागतात आणि धर्माबाहेर संबंध आल्यास व्यक्तीस समाजाबाहेर काढण्याची रूढी होती. ऑगस्ट २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटने सिंजार परिसर ताब्यात घेतल्यावर पुरुषांना व वृद्ध स्त्रियांना ठार मारण्यात आले. तरुण स्त्रिया व मुली मोसूल, रक्का आदी शहरांत नेऊन गुलाम म्हणून विकण्यात आल्या. लहान मुलांना लढाऊ प्रशिक्षणाच्या छावण्यांत पाठविण्यात आले. कोचो या गावी १५ ऑगस्ट २०१४ रोजी झालेल्या हत्याकांडात बहुतेक सर्व पुरुष मारले गेले. पुढे २०१८ मध्ये नोबेल शांतता पुरस्काराच्या मानकरी ठरलेल्या नादिया मुराद याच गावच्या होत. जून २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने या घटनांना वंशसंहार म्हटले.

दुहोक येथे कुर्दिस्तान प्रादेशिक सरकारने अपहृतांसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. त्या कार्यालयाच्या नोंदीनुसार एकूण ६,४१७ व्यक्तींचे अपहरण झाले. त्यांत ३,५४८ स्त्रिया व मुली होत्या. यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक व्यक्तींची आजवर सुटका झाली. सुमारे अडीच हजार व्यक्ती अद्याप परतलेल्या नाहीत. सुटकेचे मार्ग विविध होते. काही स्त्रियांनी स्वतः पलायन केले. अनेकींची सुटका मध्यस्थांमार्फत झाली. या मध्यस्थांत पूर्वी सीमेपलीकडे व्यापार करणारी साधी माणसे होती. मधमाश्या पाळणाऱ्या अब्दुल्ला श्रीम यांचे कार्य या संदर्भात जगापुढे आले आहे. चोरून केलेला एखादा दूरध्वनी, ओळखीचा चालक, आश्रय देणारे एखादे अरब कुटुंब अशा साखळीतून स्त्री बाहेर पडत असे. खंडणीची रक्कम उभी करण्यासाठी कुटुंबे कर्जबाजारी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका याझिदी स्त्रीची गाझापट्टीतून सुटका झाली, तेव्हा तिच्या अपहरणास दहा वर्षे होऊन गेली होती.

स्वीकाराच्या टप्प्यावर याझिदी समाजाने एक धाडसी निर्णय घेतला. त्यांचे सर्वोच्च धर्मगुरू बाबा शेख यांनी परत येणाऱ्या स्त्रिया पूर्वीइतक्याच याझिदी आहेत आणि समाजाने त्यांचे आदराने स्वागत करावे, असे जाहीर केले. लालिश येथील पवित्र झऱ्यावर त्यांच्यासाठी विधी करण्यात येऊ लागले. शतकानुशतकांची रूढी काही महिन्यांत बदलली. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने सुमारे १,१०० स्त्रिया व मुलांना उपचारासाठी आश्रय दिला. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी फ्रँकफर्ट येथील न्यायालयाने इस्लामिक स्टेटच्या एका सदस्यास याझिदींच्या वंशसंहाराबद्दल दोषी ठरविले. अशा स्वरूपाचा जगातील हा पहिलाच निकाल होता.

अपत्याच्या प्रश्नावर मात्र हा उदारपणा थांबला. एप्रिल २०१९ मध्ये याझिदी धर्मपरिषदेने सर्व वाचलेल्यांना व त्यांच्या मुलांना स्वीकारण्याची घोषणा केली. परंतु काही दिवसांतच बलात्कारातून जन्मलेल्या मुलांचा त्यात समावेश नसल्याचा खुलासा केला. इराकच्या नागरी ओळखपत्राच्या कायद्यानुसारही अशा मुलांची नोंद मुस्लिम म्हणून होते. परिणामी अनेक मातांपुढे मूल किंवा माहेर यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली. काहींनी मुले सीरियातील अनाथगृहात ठेवली. काहींनी मूल सोडावे लागेल या भीतीने अल-होलसारख्या छावणीत आपली ओळखच लपविली. अशी स्त्री यादीत 'बेपत्ता' राहते, परंतु ती बेपत्ता राहण्यास आता केवळ अपहरणकर्ता कारणीभूत नसतो.

१ मार्च २०२१ रोजी इराकच्या संसदेने याझिदी वाचलेल्या स्त्रियांविषयीचा कायदा संमत केला. मासिक निर्वाहवेतन, घरासाठी भूखंड, शिक्षणाची संधी आणि सरकारी नोकऱ्यांत दोन टक्के राखीव जागा अशा तरतुदी त्यात आहेत. तुर्कमेन, ख्रिश्चन व शबक स्त्रियांनाही त्याचा लाभ मिळतो. बंदिवासात जन्मलेल्या मुलांबाबत मात्र हा कायदा मौन बाळगतो. अंमलबजावणी करणाऱ्या समितीने अर्जदारांना फौजदारी तक्रार दाखल करण्याची अट घातली, तिच्यावरही मानवी हक्क संघटनांनी टीका केली. कारण ज्या स्त्रीस बोलणेच कठीण आहे तिला पुन्हा पुन्हा बोलावयास लावणे हा नवा जाच ठरतो.

तौलनिक विचार :

तीनही उदाहरणांचा एकत्र विचार केला असता काही बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब नोंदीची. सिंजारच्या स्त्रियांची नावनिशीवार यादी झाली, म्हणून किती परतल्या आणि किती उरल्या हे सांगता येते. हैदराबाद संस्थानात अशी यादी झाली नाही, म्हणून तेथील प्रश्न विचारलाही गेला नाही.

दुसरी बाब कायद्याच्या दृष्टिकोनाची. १९४९ च्या कायद्यात स्त्री ही दोन राष्ट्रांमधील देवाणघेवाणीचा विषय होती. तिचा धर्म तिचे राष्ट्र ठरवीत होता. २०२१ च्या कायद्यात ती हक्क असलेली नागरिक आहे. राज्य तिचे देणे लागते, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. बहात्तर वर्षांतील हा बदल लहान नाही. स्त्रीचळवळी, आंतरराष्ट्रीय न्यायालये आणि वाचलेल्या स्त्रियांनी स्वतः दिलेल्या साक्षी यांचा त्यात मोठा वाटा आहे.

तिसरी बाब इच्छेची. बंदिवासातील होकार जसा संशयास्पद असतो, तसाच छावणीतील अथवा कुटुंबाच्या दडपणाखालील होकारही संशयास्पद असू शकतो. म्हणून स्त्रीला सुरक्षित जागा, पुरेसा वेळ, उपजीविकेचे साधन आणि परतीखेरीज आणखी एखादा पर्याय मिळाल्यानंतरच तिच्या इच्छेला अर्थ प्राप्त होतो. नुसते 'तुझी इच्छा काय?' असे विचारणे पुरेसे नाही.

चौथी बाब अपत्याची. देवलस्मृती, १९४७ नंतरची परतपाठवणी आणि २०१९ चा याझिदी धर्मपरिषदेचा खुलासा यांत काळाचे व धर्माचे प्रचंड अंतर आहे. तरीही तीनही ठिकाणी मातेसाठी दार उघडले आणि मुलासाठी बंद झाले. यामागे क्रौर्यापेक्षा भीती अधिक असावी. लहान, वारंवार आघात सोसलेला समाज आपली सीमा वंशावरून आखतो आणि ते मूल त्या सीमेवर उभे असते. ही भीती समजून घेता येते, परंतु तिची किंमत त्या मुलाने व त्याच्या मातेने मोजावी हे न्याय्य ठरत नाही.

समारोप :

अपहृत स्त्रीची मुक्तता ही एका दिवसाची घटना नसून ती दीर्घकाळ चालणारी सामाजिक प्रक्रिया आहे. शस्त्राने बंदिवास संपविता येतो. स्वीकार मात्र समाजालाच करावा लागतो. सिंजारच्या उदाहरणावरून दिसते की, धर्मसंस्थेने मनावर घेतल्यास रूढी बदलू शकते. पंजाबच्या उदाहरणावरून दिसते की, सद्हेतूने केलेला कायदाही स्त्रीला विचारल्याविना राबविला तर तो दुसरा बंदिवास ठरू शकतो. आणि हैदराबादच्या उदाहरणावरून दिसते की, ज्या दुःखाची नोंद होत नाही त्याचे उत्तरदायित्वही कोणाकडे राहत नाही.

मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विषय केवळ जागतिक घडामोडींचा नाही. १९४८ साली जाणत्या वयाच्या असलेल्या व्यक्ती आता फार थोड्या उरल्या आहेत. इतिहास, समाजशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन त्यांच्या आठवणींचे संकलन करणे शक्य आहे. हे करताना दोन पथ्ये पाळावी लागतील. कोणत्याही कुटुंबाची ओळख उघड होणार नाही याची दक्षता घ्यावी लागेल आणि एका समाजाचे दुःख दुसऱ्या समाजाविरुद्धचा पुरावा म्हणून वापरले जाणार नाही, हे पाहावे लागेल. त्याचबरोबर ज्या शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून परक्या घरातील लेकीबाळी सुखरूप पोहोचविल्या, त्यांच्याही आठवणी या संकलनात आल्या पाहिजेत. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात शौर्याची जी गाथा सांगितली जाते, तीत या शेजाऱ्यांना आणि ज्यांना त्यांनी परत आणले त्या स्त्रियांना अद्याप जागा मिळावयाची आहे.